कमीत कमी

दौलतगंजात, गजकवाल्याच्या वरच्या खोलीत
मी शिकवणी घेते, सातवी ते दहावी.
खालून दिवसभर तीळ कुटल्याचा आवाज,
धप्प, धप्प, थोडं थांबून धप्प.
जानेवारीत पारा दोनच्या खाली गेला
की ग्वाल्हेरात कलेक्टर शाळा बंद करतात.
माझी शिकवणी चालू असते.
पोरं मफलरातून बोलतात, खडू बोटांना झोंबतो.

आज असमानता.
पुस्तकात हिंदीत असमिका लिहिलंय.
शितोळ्यांचा निहार म्हणाला, ताई, हे तर
कॉन्व्हेंटातल्या मुलीचं नाव वाटतं.
हसून झाल्यावर मी फळ्यावर लिहिलं:
कमीत कमी पाच.
चिन्ह कुठलं?

सगळ्यांनी कमीचंच सांगितलं.
कमी दोनदा आलंय, पोरं तरी काय सांगणार!
म्हटलं, आई म्हणते ना, कमीत कमी दोन पोळ्या तरी खा,
मग तिसरी घेतलीस तर रागावते का?
वह्यांमध्ये हळूहळू वळली चिन्हांची तोंडं.
अशीच आहे ही आपली भाषा,
बोलते तळाबद्दल आणि वरचं दार उघडं ठेवते.
जास्तीत जास्त म्हणताना मात्र
हात सैल सुटल्यासारखा वाटतो
आणि डोक्यावर छत येऊन बसतं.
घरमालक म्हणाले आहेत, जास्तीत जास्त मार्चपर्यंत.

मग गणित.
वजा तीन क्ष अधिक सात,
बावीसपेक्षा लहान किंवा समान.
सात पलीकडे नेले, पंधरा उरले,
वजा तीनने भागलं, आणि निहारने लिहिलं:
क्ष, वजा पाचपेक्षा लहान किंवा समान.

शून्य घालून बघ.
अडलं की शून्याला विचारावं, त्याला कोणाची बाजू नाही.
शून्य घातलं, डावीकडे उरले सात,
सात बावीसपेक्षा लहान, खरंच आहे,
म्हणजे शून्य उत्तरात हवं.
निहारच्या उत्तरात त्याला जागाच नव्हती.

चिन्ह उलटायचं राहिलं, मागून कोणीतरी म्हणालं.
पण का उलटतं?
वीस वर्षं मी इथे देणेकऱ्यांचं उदाहरण देते,
पाच रुपये देणारा तीन देणाऱ्यापेक्षा खाली वगैरे.
मला स्वतःला ते कधी पुरलं नाही.

निहार पेन्सिल चावत होता.
ताई, गॅसच्या लायनीत आई तिसरी होती, पहाटे चारपासून.
साडेदहाला बाबू आला,
म्हणाला, आज त्या टोकाची खिडकी उघडणार.
सगळे जागच्या जागी वळले फक्त.
पाऊलभरही कोणी हललं नाही.
आई शेवटून तिसरी झाली.

खालचे तीळ थांबले होते, की मलाच ऐकू येईना.
वजा म्हणजे तेच का?
हो, म्हटलं, तेच.
आणि घाईने फळ्याकडे वळले,
कारण त्या दिवशी सिलिंडर मिळालं का
हे मला विचारायचं नव्हतं.

संख्यारेषा काढली. वजा पाचवर ठिपका,
चांगला गिरवून भरीव, कारण पाच स्वतःही आत आहे.
छोटी ईशिता म्हणाली, पण उत्तर किती ते सांगा ना, एक.
एक नाही गं. इथून पुढचे सगळे.
अपूर्णांकही?
तेही. आणि मघाचं शून्य, आणि तुझा रोल नंबर.
ती बाणाकडे बघत राहिली, जरा नाराजच.
बाण काढताना खडू फळ्याची चौकट ओलांडून
भिंतीवर गेला, बटणांच्या पाटीपर्यंत.

सात वाजता निहारचे वडील जिन्यात,
खाली टेम्पो चालूच ठेवलेला.
मॅडम, कमीत कमी पास तरी होईल ना?
पोरगा मागे उभा राहून चिन्ह शोधत होता,
मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे.

फळा पुसला. भिंतीवरचा बाण राहिला.
मार्चनंतर जो कोणी येईल
तो चुना मारून घेईल.